अँकरिंग प्रोटीनला मराठीत काय म्हणावं : नांगर, खुंट की आणखी काही?

पेशीवाचक
नमस्कार मंडळी. मी चेंबूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला जीवरसायन शिकवते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी टिपणं लिहिते आहे आणि पेशीतल्या संदेशवहनाच्या प्रकरणात अडकले आहे. पेशीच्या आत काही प्रथिनं अशी असतात की ती विकरांना (एन्झाइमना) ठरावीक जागी बांधून ठेवतात, आणि या बांधण्यामुळे ग्राहीकडून आलेल्या संदेशाचं काय होणार ते ठरतं. इंग्रजीत त्यांना अँकरिंग प्रोटीन म्हणतात. मी खर्ड्यात लिहिलं होतं : 'ग्राही-नांगर प्रथिने पेशीतील संदेशवहनावर नियंत्रण ठेवतात.'

वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज, 'मॅडम, पेशीत नांगरट?' पोरगा जुन्नरकडचा, कांजूरला मामाकडे राहून शिकतो. त्याच्या घरी नांगर म्हणजे एकच. हशा पिकला, पण शंका रास्त होती. तर नांगर चालेल का? नाही तर दुसरं काय? शिवाय रिसेप्टरला 'ग्राही' बरं की 'ग्राहक'? आणि सिग्नलिंगला 'संदेशवहन' की 'संकेतन'?

तळटीप
ताई, सोपं आधी उरकतो. 'ग्राहक' नकोच. मुंबईत ग्राहक म्हटलं की दुकान, बिल आणि ग्राहक पंचायत. 'ग्राही' छोटा आहे, शास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला आहे, समासातही नीट बसतो. 'संकेत' म्हणजे मराठीत आधी ठरवून घेतलेली रीत किंवा खूण. 'संकेतस्थळा'मुळे तो आणखीच दुसरीकडे गेला. 'संदेशवहन' ठेवा. खुद्द सिग्नल हा शब्द तर रोज सकाळी 'सिग्नल यंत्रणेत बिघाड' म्हणून कानावर पडतो, त्याला पेशीत घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आता नांगर. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आलेला. होडीचा नांगरही मराठीत तितकाच रुळलेला आहे. हिंदीवाले त्याला लंगर म्हणतात. एका शब्दाला दोन अर्थ असले म्हणून तो बाद होत नाही. 'पेशी'च घ्या ना : हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, कोर्टात पेशी म्हणजे तारीख, आणि आपण मात्र त्यात केंद्रक नि पटल शोधतो. वाक्य नीट असेल तर वाचणारा बरोबर अर्थ घेतो. तुमचं वाक्य नीट नाही एवढंच.

वेसावचा वारा
नांगराचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं घर वेसाव्याचं. होडी 'नांगरून ठेवली' हे आमच्याकडे रोजचं बोलणं, त्यात कोणाला शेत आठवत नाही. पण एक फरक सांगतो, उपयोगी पडला तर बघा. होडीचा नांगर टाकतात आणि उचलतात. आज इथे, उद्या तिथे. डोलीच्या जाळ्याचं तसं नसतं. त्याचे खुंट समुद्राच्या तळात ठोकलेले असतात, जाळ्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील आपसूक आत येतो. खुंट जिथे ठोकला तिथेच तुमची मासळी. दोन हात चुकला तर जाळं रिकामं. तुमचं प्रथिन जागेवर पक्कं बसणारं असेल तर 'खुंट' म्हणा, हलणारं असेल तर 'नांगर'.

जोडाक्षर
मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते, त्यामुळे मला शब्दापेक्षा समास खुपतो. 'ग्राही-नांगर प्रथिने' याचा विग्रह करा. ग्राहीचा नांगर? ग्राहीला धरणारा नांगर? की ग्राही हाच नांगर? मूळ इंग्रजीत बांधलं नक्की कोणाला जातं ते सांगा, मग शब्द सुचवते. आणि 'नियंत्रण ठेवतात' का? नियंत्रण गर्दीवर ठेवतात, साखरेवर ठेवतात. ते नेहमी खाली दाबण्यासाठी असतं. ही प्रथिनं संदेश फक्त दाबतात का?

परळची प्रयोगशाळा
जोडाक्षर यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. याच विषयावर माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सरळ पुढच्या प्रतिसादावर जा.

ग्राहींना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, पण ती वेगळी. ग्लायसिनच्या ग्राहींना सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, धरणारं गेफायरिन, स्नायूवर असिटिलकोलीनच्या ग्राहींची दाटी करून ठेवणारं रॅप्सिन. ताईंच्या टिपणात जी आहेत ती बहुधा 'ए-कायनेज अँकरिंग प्रोटीन', प्रयोगशाळेच्या बोलीत एकॅप. इथे ग्राही बांधला जात नाही. तो पटलात, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणात, आपल्या जागी असतोच. बांधला जातो तो कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारा विकर. एकॅप त्याला ग्राहीच्या किंवा आयनमार्गिकेच्या (पटलातून आयन ये-जा करतात त्या वाटेच्या) शेजारी आणून ठेवतं. तेव्हा 'ग्राही-नांगर' हा समास या गटाला लावणं चूकच.

आता हे बांधणं लागतंच कशाला? साखळी पुस्तकातली : ॲड्रेनलिन बीटा ग्राहीवर बसतं, ग्राही जी-प्रथिनाला जागं करतो, त्यामुळे ॲडेनिलिल सायक्लेज हा विकर सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू बनवतो, आणि सायक्लिक एएमपी प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, याला कामाला लावतं. सायक्लिक एएमपीसाठी सदरलँड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. पीकेए सापडला १९६८ मध्ये, क्रेब्स यांच्या प्रयोगशाळेत. कागदावर सगळं छान. पण एकाच पेशीवर सायक्लिक एएमपी वाढवणारे अनेक ग्राही असतात, आणि सायक्लिक एएमपी तर एकच रेणू. मग कोणाचा संदेश आला हे पेशीला कळतं कसं?

हा प्रश्न कोणी बसल्या बसल्या काढलेला नाही. १९७९ मध्ये ब्रंटन, हेज आणि मेयर यांनी हृदयावर दोन औषधं वापरून पाहिली. आयसोप्रोटेरेनॉल हे ॲड्रेनलिनसारखं औषध दिल्यावर सायक्लिक एएमपी वाढलं आणि आकुंचनाचा जोरही वाढला. प्रोस्टाग्लँडिन ई-१ दिल्यावरही सायक्लिक एएमपी वाढलं, जोर मात्र वाढला नाही. रेणू तोच, परिणाम निराळा. म्हणजे सायक्लिक एएमपी किती झालं एवढ्यावर भागत नाही, कुठे झालं तेही बघावं लागतं.

पेशीवाचक
हे उदाहरण मुलांना नक्की देणार. पण मग एकॅपनेच हे होतं, हे कशावरून? कायनेज तसाही शेजारी तरंगत असू शकतो.

परळची प्रयोगशाळा
यावरचा प्रयोग मला फार आवडतो, म्हणून तपशिलात सांगतो.

पीकेएमध्ये चार तुकडे असतात : दोन नियामक (आवरून धरणारे), दोन उत्प्रेरक (प्रत्यक्ष फॉस्फेट चढवणारे). नियामक तुकड्यांची जोडी एकमेकांना लागून बसते आणि तिच्या पृष्ठभागावर एक तेलकट खाच तयार होते. एकॅपमध्ये साधारण १४ ते १८ अमिनो आम्लांचं एक मळसूत्र (हेलिक्स) असतं. त्याची एक बाजू पाण्याला धार्जिणी, दुसरी तेलकट. ही तेलकट बाजू त्या खाचेत बसते. इतक्याशा भागावर सगळी बांधणी. १९९१ मध्ये हे कळल्यावर पुढची कल्पना साहजिक होती : तेवढाच मळसूत्राचा तुकडा वेगळा बनवायचा आणि पेशीत भरपूर सोडायचा. तो खाच अडवून बसणार, आणि कायनेजला खऱ्या एकॅपवर जागाच मिळणार नाही.

१९९४ मध्ये रोझेनमुंड आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या चेतापेशींत हेच केलं. तिथे ग्लुटामेटचे एएमपीए ग्राही असतात, आणि त्यांचा विद्युतप्रवाह टिकून राहायला पीकेए लागतो. तुकडा आत गेल्यावर प्रवाह हळूहळू घसरू लागला, जणू पीकेए बंदच पाडला आहे. पण विकर तर होता तसाच होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. फक्त त्याची जागा सुटली होती. आणि तोच तुकडा, पण त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल घालून मळसूत्र मोडलेला, दिला तर प्रवाहाला काहीच झालं नाही. ताई, हा दुसरा भाग टिपणात गाळू नका. परीक्षेत 'कंट्रोल म्हणजे काय' विचारलं तर मुलांना सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

जोडाक्षर
म्हणजे 'कायनेज-नांगर प्रथिन'. समास सुटला. मला तरी क्रियापद जास्त भावतं : 'कायनेज नांगरून ठेवणारी प्रथिने'. नांगरलेलं शेत आणि नांगरलेली होडी यांत जो गोंधळ आहे तो कर्म लिहिलं की संपतो. कायनेजची नांगरट करता येत नाही, तुमच्या जुन्नरच्या पोरालाही हे पटेल.

'नियंत्रणा'चं उत्तर मात्र राहिलं.

परळची प्रयोगशाळा
'नियमन' लिहा. कारण हे की एकाच एकॅपवर उलटसुलट कामाचे विकर एकत्र बसलेले असतात. एकॅप-७९ घ्या. १९९५ मध्ये दिसलं की त्यावर पीकेए तर आहेच, शिवाय कॅल्सिन्युरिनही आहे. पहिला फॉस्फेट चढवतो, दुसरा उतरवतो. पुढे पीकेसी हा आणखी एक कायनेजही तिथेच सापडला. पेशीत कॅल्शियम वाढलं की उतरवणाऱ्याची पाळी, सायक्लिक एएमपी वाढलं की चढवणाऱ्याची. दोघंही ग्राहीच्या उशाशी.

कधी कधी तर नांगरलेला कायनेज ज्या ग्राहीमुळे जागा झाला त्याच ग्राहीवर उलटतो. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल ज्या बीटा-२ ग्राहीवर बसतं तो ग्राही याचं उदाहरण. त्याच्याजवळ एकॅप-७९ आणि ग्रॅव्हिन ही दोन एकॅप सापडतात. त्यांनी धरलेला पीकेए ग्राहीवरच फॉस्फेट चढवतो आणि ग्राही आधीसारखी दाद देईनासा होतो. शिवाय अरेस्टिन नावाचं प्रथिन त्या ग्राहीपाशी येताना सायक्लिक एएमपी मोडणारा विकर, फॉस्फोडायएस्टरेज, सोबत घेऊन येतं. हे २००२ मध्ये कळलं. संदेश जिथे सुरू होतो तिथेच तो विझवायची सोय. याला 'नियंत्रण' म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

तळटीप
'दाद देईनासा होतो' हे फार चांगलं उतरलं. इंग्रजीतल्या त्या लांबलचक डीसेन्सिटायझेशनला 'विसंवेदीकरण' असा दगड शोधण्यापेक्षा मुलांना हे सांगा. परिभाषा कंसात... नाही, परिभाषा पानाच्या कडेच्या समासात लिहा.

एक विचारू? हा एकॅप-७९ म्हणजे एकोणऐंशीवा एकॅप का? इतके आहेत?

परळची प्रयोगशाळा
नाही सर, ७९ हे वजन आहे, किलोडाल्टनमध्ये, प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करतात त्या जेलवर दिसलेलं. माणसात ७९, गाईत ७५, आणि उंदरात तेच प्रथिन १५० म्हणून ओळखलं जातं. तिन्हींचं जनुक एकच, त्याचं नाव एकॅप-५. नवीन विद्यार्थी यात हमखास गोंधळतो. एकॅप एकंदरीत पन्नासाच्या वर आहेत, पण क्रमांक आणि वजन यांची सरमिसळ झाल्याने नावांवरून काही ठरवायला जाऊ नये.

आणि पहिली एकॅप कशी सापडली ते ऐका. पीकेएचा नियामक तुकडा शुद्ध करताना काही प्रथिनं त्याला चिकटून यायची. शुद्धीकरण कमी पडलं, ही मळी आहे, असंच वाटायचं. १९८२ मध्ये थ्यूरकॉफ आणि व्हॅली यांनी दाखवलं की त्यांतलं एक, मॅप-२, हे मळी नसून पीकेएला धरून ठेवणारं प्रथिन आहे.

वेसावचा वारा
दादा, ते ग्रॅव्हिन काय नाव आहे? आणि खुंट की नांगर ते राहिलंच.

परळची प्रयोगशाळा
ग्रॅव्हिन हे नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारावरून. त्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांनी हे प्रथिन ओळखलं, म्हणून ते नाव. नावांची गंमत इतकीच नाही. हृदयातल्या एका एकॅपचं नाव योटियाओ. चीनमध्ये सकाळी खातात त्या तळलेल्या लांब पिठाच्या काडीवरून ठेवलेलं, प्रथिनही तसंच लांबुळकं. गेफायरिन ग्रीक 'पुला'वरून. आणि तळटीप सरांसाठी खास : अँकायरिन हे थेट ग्रीक 'नांगरा'वरून. ते एकॅप नाही, मार्गिकांना पटलाखालच्या सांगाड्याशी बांधतं, पण नांगर हे नाव खरं त्याचं.

खुंट की नांगर? माझं मत नांगर. कारण तुम्हीच दिलंत : नांगर उचलता येतो. एकॅप-७९ सिनॅप्सच्या पटलाला धरून असतं, पण एनएमडीए ग्राही (ग्लुटामेटचेच दुसऱ्या प्रकारचे ग्राही) चेतवले की ते पीकेएला घेऊन तिथून हलतं. २००२ मध्ये हे चेतापेशींत दिसलं. कायनेज निघून गेला की तिथल्या एएमपीए ग्राहींवरचे फॉस्फेट उतरवणाऱ्याला रान मोकळं. 'खुंट' म्हटलं तर हे हलणं शब्दात मावणार नाही.

पण तुमचं 'दोन हात चुकला तर जाळं रिकामं' हे मात्र अगदी लागू पडतं, आणि तेही माणसाच्या हृदयात. ॲड्रेनलिनने ठोके वाढतात तेव्हा प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीने लवकर पूर्ववत व्हायला हवं, नाहीतर पुढचा ठोका मागच्यावर आदळेल. त्यासाठी पोटॅशियमची एक संथ मार्गिका जास्त उघडावी लागते, आणि ती उघडते पीकेएने फॉस्फेट चढवल्यावर. त्या मार्गिकेपाशी पीकेएला धरून ठेवतं योटियाओ. फॉस्फेट उतरवणारा पीपी-१ हा विकरही त्याच्याच अंगावर. २००२ मध्ये मार्क्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मार्गिकेच्या प्रथिनात ५८९ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आलं तर योटियाओ तिथे बसूच शकत नाही. फिनलंडमध्ये हा बदल अनेक कुटुंबांत आहे. मार्गिका असते, पीकेए असतो, ॲड्रेनलिनही असतं. तरी धावताना, पोहताना किंवा घाबरल्यावर हृदय वेळेत सावरत नाही. ईसीजीवर क्यूटी हे अंतर लांबलेलं दिसतं, आणि ताल बिघडून माणूस कोसळू शकतो.

पेशीवाचक
हे वाचून क्षणभर थांबले. एका अमिनो आम्लाचा बदल, तोही विकरात नाही, नांगर अडकवायच्या जागेत. मुलांना सांगायला याहून ठोस काय हवं.

आणखी एक क्रियापद विचारते आणि पुरे करते. सायक्लिक एएमपी नियामक तुकड्यांवर बसलं की उत्प्रेरक तुकडे 'मुक्त होतात' असं पुस्तकं लिहितात. मुक्त होऊन ते पेशीभर फिरायला लागले तर नांगरण्याचा उपयोग काय?

परळची प्रयोगशाळा
हा प्रश्न वर्गातल्या मुलाने विचारला तर त्याला पैकीच्या पैकी द्या, कारण यावर अजून वाद चालू आहे. २०१७ मध्ये एकॅपवर काम करणाऱ्या स्कॉट यांच्या गटाने असं मांडलं की पेशीत प्रत्यक्ष असतं तेवढ्या सायक्लिक एएमपीमुळे उत्प्रेरक तुकडे फारसे सुटतच नाहीत. ते नियामकाला धरूनच, आवाक्यातल्या प्रथिनांवर काम करतात. उलट बाजूचे म्हणतात की तुकडे सुटतात, पण पटलाजवळच रेंगाळतात आणि लगेच परत पकडले जातात, कारण पेशीत नियामक तुकडे उत्प्रेरकांपेक्षा जास्त असतात. टिपणात 'सैल होतात' लिहा. दोन्ही पक्षांना चालेल.

जोडाक्षर
'सैल होतात' मस्त. शास्त्रज्ञांचं भांडण मिटेपर्यंत मराठीने वेळ काढला.

पेशीवाचक
सगळ्यांचे आभार. असं लिहिलंय, बघा बरं :

'एकॅप प्रथिने पीकेए या कायनेज विकराला पेशीतील ठरावीक जागी, विशिष्ट ग्राहीच्या किंवा मार्गिकेच्या शेजारी नांगरून ठेवतात. त्याच नांगराला बहुतेक वेळा फॉस्फेट उतरवणारे आणि सायक्लिक एएमपी मोडणारे विकरही जोडलेले असतात. त्यामुळे ग्राहीचा संदेश कुठवर पोचेल, किती वेळ टिकेल आणि त्याचा परिणाम कोणत्या प्रथिनावर होईल, याचे नियमन होते.'

'नांगर'वर तळटीप देते : होडीचा, शेतातला नव्हे.

परळची प्रयोगशाळा
'बहुतेक वेळा' जरा जास्त होतं, 'अनेकदा' करा. प्रत्येक एकॅपवर हे सगळे नसतात.

जोडाक्षर
आणि शेवटच्या वाक्यातला 'त्याचा' कोणाचा? ग्राहीचा की संदेशाचा? सरळ गाळा, 'आणि परिणाम कोणत्या प्रथिनावर होईल' एवढं पुरतं.